हॉबर्टच्या बदनामीची तबकडी

व्हर्डी स्टिल्वेलने आपल्या नवऱ्याची जितकी बदनामी केली, तितकी पाईनी फोर्कच्या दरीत कुणी कुणाची केली नव्हती. आणि ती सगळी तालासुरात, चार आवाजांत, नवऱ्याला शेजारी उभं करून. हॉबर्ट खालच्या पट्टीत गायचा. म्हणजे आपल्या बदनामीचा पाया तो स्वतःच घालायचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हॉबर्ट नांगराला खेचर आणायला बाजारात गेला आणि साखळीचं घड्याळ घेऊन परत आला. त्या दिवशी व्हर्डीने कपडे धुता धुता पहिलं कडवं रचलं:

*खेचर घ्याया गेला बाजारी, घेऊन आला घड्याळ गं,*
*घड्याळ काही नांगर ओढीना, टिकटिक करतंय सकाळ गं.*

पुढे हॉबर्टने वागणूक सुधारली नाही, त्यामुळे गाणं वाढलं. तो चर्चमध्ये झोपला, त्याचं एक कडवं झालं. मक्याची दारू चाखून विहिरीत पडला, त्याचं एक झालं. प्रत्येक कडव्यानंतर चौघं मिळून धरायचे: *असला नवरा मिळाला बाई, असला नवरा मिळाला गं, याहून चांगला मिळाला असता* आणि इथे तिघं एकदम गप्प. मग व्हर्डी एकटी, हॉबर्टकडे न बघता, म्हणायची: *घेतला नसता गं.*

चौघं म्हणजे व्हर्डी, तिची थोरली बहीण ओझेला, गावचा न्हावी लॉन्झो टीग आणि हॉबर्ट. पाईनी फोर्क चौकडी. मका सोलायला माणसं जमली, आगीच्या बंबाच्या वर्गणीसाठी जेवणावळ निघाली, कुणाचं गोठ्याचं छप्पर चढलं, की चौकडी हजर. लोक भजनं ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "आता हॉबर्टचं म्हणा."

जानेवारीत व्हर्डी गेली.

त्यानंतर हॉबर्टच्या स्वयंपाकघरात भांडीच भांडी झाली. दरीतल्या प्रत्येक बाईने काहीतरी भाजून आणलं होतं आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलं होतं, कारण दुःख दुःखाच्या जागी आणि भांडं भांड्याच्या जागी. एक दिवस ओझेलाचं भांडं घासताना हॉबर्टला ते गाणं गुणगुणावंसं वाटलं. तो गुणगुणला आणि दचकला. त्याला गाण्याची चाल येतच नव्हती, ती बाकीचे सांभाळायचे. त्याला फक्त खालची पट्टी येत होती. खालच्या पट्टीवाल्याचं दुःख असं, की तो एकटा गायला तर ते गाणं वाटत नाही, पोट बिघडल्यासारखं वाटतं.

तेव्हाच, हात साबणाचे असतानाच, त्याने ठरवलं. गाण्याची तबकडी करायची. व्हर्डीचे शब्द, एकही इकडेतिकडे न करता. आणि मेमध्ये सजावटीचा रविवार येतो, कबरी साफ करून सगळी दरी तिथेच जेवायला बसते, त्या दिवशी ती तिच्या कबरीपाशी वाजवायची. साधं काम होतं.

त्याने ते लॉन्झोला सांगितलं, ही पहिली चूक. न्हाव्याला सांगितलेली गोष्ट गावाला सांगावी लागत नाही.

"तबकडी करतोयस तर त्यात रेल्वे घाल," लॉन्झो वस्तऱ्याला धार लावत म्हणाला. "रेडिओवर रेल्वेशिवाय गाणं चालत नाही हल्ली."

"मी रेल्वेत कधी बसलोच नाही."

"अरे, बसायचं कुठे म्हणतोय मी? नुसती लांबून शिट्टी. तू विहिरीत पडतोस ना, तेव्हा लांबून शिट्टी ऐकू येते."

"विहिरीत काही ऐकू येत नाही, लॉन्झो. मी होतो तिथे."

खुर्चीच्या रांगेत बसलेल्यांचंही काही ना काही म्हणणं होतं. एकाला त्यात कुत्रा हवा होता. एक म्हणाला, खेचराच्या जागी घोडा घाला, खेचर हलकं वाटतं. हॉबर्ट अर्धी दाढी ठेवून उठला आणि तसाच घरी गेला. उरलेली अर्धी त्याने स्वतः केली आणि दोनदा कापून घेतलं. एरवी यावर एक ओळ नक्की झाली असती.

ओझेला दुसऱ्या दिवशी भांडं न्यायला आली ती हातात रुमाल घेऊनच.

"हॉबर्ट, माझी बहीण जाऊन चार महिने झाले नाहीत. लोक काय म्हणतील? सगळं हसण्यावारीचं गाणं! निदान चाल तरी संथ करू. शेवटी सगळ्यांनी रडावं असं काहीतरी."

"व्हर्डीने ते रडायला केलं नव्हतं."

"पण तुला त्यात गाढव केलंय रे तिने!"

"केलंय ना? मग मी हरकत घेईन. तू कशाला घेतेस? बदनामी माझी आहे, ओझेला. मला ती आहे तशी पाहिजे."

ओझेला भांडं घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली. "वरच्या पट्टीत मीच आहे ना पण?"

"तूच आहेस."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "पण मला पसंत नाही हे लक्षात ठेव."

यानंतर ब्रदर क्रिस्प आले. ब्रदर रुपर्ट क्रिस्प म्हणजे दरीचे पाद्री. सजावटीच्या रविवारी कबरस्तानात काय गायचं आणि काय नाही हे त्यांच्या हातात. ते ओसरीवर बसले, ताक घेतलं, हवेबद्दल बोलले. मग घसा साफ केला.

"हॉबर्ट, त्या दुसऱ्या कडव्याचं बघ जरा."

दुसरं कडवं असं होतं:

*प्रवचनाला बसला पुढे, मान टाकून घोरला गं,*
*'थांब रे खेचरा!' झोपेत म्हणाला, पाद्री गप्प बसला गं.*

"यात पाप काय आहे, ब्रदर?"

"पाप नाही. खोटं आहे. मी गप्प बसलो नव्हतो. मी श्वास घ्यायला थांबलो होतो."

"बराच मोठा श्वास होता, ब्रदर. लोक टोप्या शोधायला लागले होते."

पाद्रीसाहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि शेवटी स्वर्ग नाही गाण्यात. मेलेल्या बाईचं गाणं आणि स्वर्गाचा पत्ता नाही! शेवटच्या कडव्यात व्हर्डी वर जाते असं घाल."

"वर जात नाही. वर मला काढते. विहिरीतून."

"कबरस्तानात दारूचं आणि विहिरीचं गाणं वाजणार नाही," ब्रदर क्रिस्प उठून म्हणाले. "मी आहे तोवर नाही."

हॉबर्टने त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, कारण पाद्रीला पोचवायची रीत आहे. पण फाटक लावताना ते नेहमीपेक्षा जोरात लागलं आणि बिजागरीच निघाली. आता त्याला गाणंही करायचं होतं आणि फाटकही.

खरी अडचण मात्र चौथ्या आवाजाची होती. व्हर्डीच्या जागी कोण? दरीत त्या पट्टीत गाणारी एकच बाई उरली होती आणि ती होती इमोजीन क्रिस्प. पाद्रीची बायको. हॉबर्टने आठवडाभर त्या गोष्टीकडे पाठ फिरवली. तिघांतच गाऊन बघितलं. तीन पायांच्या खुर्चीवर माणूस जसा बसतो तसं ते गाणं होत होतं. सगळं लक्ष पडायचं नाही याकडे.

शेवटी बुधवारच्या प्रार्थनेनंतर त्याने इमोजीनबाईंना चर्चच्या पायरीवर गाठलं. टोपी हातात धरून म्हणाला, "सिस्टर, दुसरं कडवं गाळायला सांगू नका एवढंच. बाकी तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

इमोजीनबाईंनी आत बघितलं. ब्रदर क्रिस्प खिडक्या लावत होते.

"गाळायचं?" त्या हळूच म्हणाल्या. "हॉबर्ट स्टिल्वेल, तीस वर्षं ऐकतेय मी त्या माणसाला. त्याला गप्प करणारा एकच माणूस बघितला मी, तोही झोपेत होता. ते कडवं राहणार. सराव कधी आहे?"

त्या येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी हॉबर्टने सांगितलं, "शेवटची ओळ तुम्ही एकट्यांनी म्हणायची." इमोजीनबाईंनी म्हटली. ती बरोबर होती, सुरात होती, आणि हॉबर्ट उठून सरपण आणायला गेला. सरपण घरात भरपूर होतं.

आता तबकडी. तालुक्याच्या गावी रेडिओ केंद्र होतं आणि तिथे गाणं कोरून तबकडी कापायचं यंत्र होतं. ते चालवणारे फ्युगेट नावाचे गृहस्थ शहरातून आले होते आणि त्यांना सगळं नियमाने लागायचं.

"धार्मिक की लौकिक?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"धार्मिक असेल तर रविवारी सकाळच्या खात्यात. लौकिक असेल तर शनिवारी, पेंडीचे भाव आणि हरवलेल्या गाईंच्या मधे. कुठल्या खात्यात घालू?"

"त्यात चर्च आहे," हॉबर्ट म्हणाला.

"मग धार्मिक."

"चर्चमध्ये मी झोपलेला आहे. नंतर दारू पितो."

फ्युगेटांनी पेन्सिल खाली ठेवली. "चर्च असलेलं गाणं लौकिक खात्यात घेता येत नाही. दारू असलेलं धार्मिक खात्यात घेता येत नाही. एक काहीतरी काढा."

"काढणार नाही."

"मग गाणं कुठेच बसत नाही."

"मीही कधी कुठे बसलो नाही, साहेब. तुम्ही तबकडी कापा. कुठल्या खात्यात घालायची ते ती तयार झाल्यावर तिलाच विचारा."

हे उत्तर नियमात बसत नव्हतं, पण ते कुठल्या नियमाविरुद्ध आहे हेही फ्युगेटांना सापडेना. त्यांनी शुक्रवारची वेळ दिली. एकच कोरी तबकडी शिल्लक होती, नवीन माल जूनमध्ये येणार होता. "दिवा लागला की गायचं, विझला की थांबायचं," ते म्हणाले. "तबकडी तीन मिनिटांची. चुकलात तर पुसता येत नाही."

हॉबर्टने घरी मोजून बघितलं. तिन्ही कडवी बरोबर तीन मिनिटांत बसत होती. परमेश्वराने तबकडी याच गाण्यासाठी मापून केली होती, असं त्याला वाटलं. माणसाला असं वाटायला लागलं की त्याने सावध व्हावं.

शुक्रवारी चौघं चर्चच्या कपड्यांत केंद्रावर गेले. लॉन्झोने सगळ्यांचे केस फुकट बसवून दिले होते, जणू तबकडीत केस दिसणार होते. काचेपलीकडे फ्युगेट बसले, काचेअलीकडे चौघं एका मायक्रोफोनभोवती कोंबड्यांसारखे जमले. कुणी खोकलं नाही. दिवा लागला.

आता पाईनी फोर्कमध्ये गाणं कसं म्हणतात ते सांगायला हवं. तिथे गाण्याच्या पुस्तकात प्रत्येक सुराला वेगळा आकार असतो, कुणी त्रिकोणी, कुणी चौकोनी, आणि पोरं अक्षरांच्या आधी ते आकार शिकतात. म्हणून चारचौघांत उभं राहून कुठलंही गाणं म्हणायचं तर आधी एकदा अख्खं गाणं सुरांच्या नावांनी म्हणतात, डो, मी, सोल असं, आणि मग शब्दांनी. आजे-पणजे तसंच म्हणत आले. पहिल्यांदा सूर, दुसऱ्यांदा शब्द. घरात शिरताना आधी पाय पुसतात तसं. त्याचा कुणी विचार करत नाही. म्होरक्याने फक्त म्हणायचं, "सूर!"

आणि म्होरक्या हॉबर्ट होता. घरच्या सरावात त्यांनी सूर कधी म्हटले नव्हते, ओसरीवर कोण म्हणतं! पण आज चांगले कपडे होते आणि समोर अनोळखी माणूस होता. हॉबर्टने पाय आपटला आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "सूर!"

चौघं गायले. आयुष्यात गायले नव्हते इतकं सुंदर गायले. ओझेलाचा आवाज कुठेही चिरकला नाही. लॉन्झो नेहमी पुढे पळायचा, तो पळाला नाही. शेवटच्या ओळीशी तिघं थांबले आणि इमोजीनबाई एकट्या उतरल्या: *मी, रे, रे, डो.* हॉबर्टने डोळे मिटले होते. त्याने खोल श्वास घेतला आणि खेचराचा 'खे' तोंडात आणला.

दिवा विझला.

फ्युगेट टाळ्या वाजवत बाहेर आले. "वा! एकही चूक नाही!"

"साहेब," हॉबर्ट म्हणाला, "गाणं आता आहे."

"म्हणजे मघाशी काय होतं?"

"ते सूर होते."

"मला वाटलं गाणंच तसं आहे," फ्युगेट म्हणाले. "हल्ली लोक काहीही गातात."

परतताना ट्रकमध्ये तबकडी हॉबर्टच्या मांडीवर होती. मैलभर गेल्यावर ओझेला मागून म्हणाली, "व्हर्डी असती तर यावर मोठं कडवं केलं असतं."

ती सहज बोलून गेली, पण हॉबर्टला ते लागलं. आजवर त्याचा एकही मूर्खपणा वाया गेला नव्हता. त्याने काही बिघडवलं की दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या कपड्यांमागून नवी ओळ ऐकू यायची. आज त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा घोटाळा केला होता आणि तो नुसता घोटाळाच राहणार होता.

बातमी ब्रदर क्रिस्पांना त्याच संध्याकाळी कळली आणि त्यांना फार आनंद झाला. ते मुद्दाम चालत आले. फाटक नव्हतं, त्यामुळे थेट आले.

"हॉबर्ट, याला म्हणतात ईश्वरी हात! शब्द त्याने काढून घेतले आणि चाल ठेवली. चाल गोड आहे, ती मी कधीच नाकारली नाही. आता खुशाल वाजव रविवारी. माझी परवानगी आहे."

हॉबर्टने शब्दांसाठी न्हावी दुखावला होता, मेव्हणी दुखावली होती, पाद्री दुखावला होता. आणि ज्याला ते शब्द मुळीच नको होते, तो माणूस आता त्याच्या ओसरीवर बसून खूश होता.

"वाजवतो," तो म्हणाला. "परवानगी दिलीत, लक्षात ठेवा. कबरस्तानात गाणं वाजणार."

"वाजू दे की!"

रविवारी सगळी दरी टेकडीवर आली. कबरींवरचं गवत निघालं, कागदी फुलं लागली, झाडाखालच्या लांब टेबलांवर तळलेली कोंबडी, मसाल्याची अंडी आणि केळ्याच्या खिरीची घमेली मांडली गेली. फ्युगेटही आले होते. त्यांना आपल्या चुकीचं वाईट वाटत होतं आणि कोंबडीचंही कुतूहल होतं. ट्रकच्या मागच्या फळीवर त्यांनी ग्रामोफोन ठेवला. ब्रदर क्रिस्पांनी लहानशी प्रार्थना केली, म्हणजे त्यांच्या मानाने लहानशी, आणि म्हणाले, "आता आपल्या व्हर्डीच्या स्मरणार्थ एक शुद्ध चाल."

सुई टेकली. *डो, डो, मी, सोल...*

लोक ताटं हातात धरून आदराने उभे राहिले. हॉबर्ट कबरीपाशी गेला, टोपी काढली आणि उभ्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला:

"*खेचर घ्याया गेला बाजारी...*"

तो खालच्या पट्टीवाला. चाल त्याला धड येत नव्हती. पण चाल तबकडी सांभाळत होती, त्याने फक्त शब्द टाकायचे होते. "हॉबर्ट!" ब्रदर क्रिस्प ओरडले.

"तुमच्या परवानगीचीच तबकडी आहे, ब्रदर," हॉबर्ट ओळींच्या मधे म्हणाला. "तिच्यात एक शब्द नाही. तपासून बघा."

दुसऱ्या ओळीला ओझेला आली, हुंदका देत पण वरच्या पट्टीत. लॉन्झोने तोंडातली कोंबडी गिळली. मग मागून कुणीतरी, मग टेबलांकडून, मग सगळीकडून. पाईनी फोर्कमध्ये या बदनामीचा शब्द न् शब्द लहान पोरांनाही पाठ होता. *असला नवरा मिळाला बाई, असला नवरा मिळाला गं, याहून चांगला मिळाला असता*

आणि सगळी टेकडी गप्प झाली.

कुणी ठरवलं नव्हतं. तिथे गप्प बसायचं, ती जागा व्हर्डीची, एवढंच प्रत्येकाला ठाऊक होतं. इमोजीनबाई ट्रकशेजारी होत्या, त्याही गप्प राहिल्या. तबकडी एकटीच म्हणाली: *मी, रे, रे, डो.*

दुसरं कडवं आलं. ब्रदर क्रिस्प सुईकडे निघाले, तर इमोजीनबाईंनी त्यांच्या हातात अंड्यांचं ताट दिलं आणि आपल्या दोन्ही हातांनी ते तिथेच धरून ठेवलं. "धर, रुपर्ट. सांडेल." पाद्री गप्प बसल्याची ओळ शंभरेक माणसांनी पाद्रीसमोर म्हटली. पुन्हा *याहून चांगला मिळाला असता*, पुन्हा सगळे थांबले, पुन्हा नुसते सूर.

तिसऱ्याला हॉबर्ट विहिरीत पडला, दोर आला, तो वर निघाला. *याहून चांगला मिळाला असता*

या वेळी टेकडी थांबली, पण हॉबर्ट थांबला नाही. त्याच्या त्या जाड, पोटातून येणाऱ्या आवाजात, तिचा सूर गाठायला टाचा उचलून, तो एकटा म्हणाला, "*घेतला नसता गं.*"

तो सूर त्याला लागला नाही. फार खाली लागला. कुणी हसलं नाही, आणि मग लॉन्झो हसला, आणि मग ओझेला डोळे पुसत हसली, आणि मग हॉबर्टही हसला, कारण सत्तावन्न वर्षांचा बाप्या भर कबरस्तानात बायकोच्या तोंडून स्वतःलाच नवरा म्हणून पसंत करत होता.

तबकडी खरखरत थांबली. फ्युगेट नाक शिंकरत जवळ आले. "मिस्टर स्टिल्वेल, जूनमध्ये माल येतोय. या परत. शब्दांची करू."

"नको."

"पण तुम्हाला तर शब्दच हवे होते!"

"शब्द तबकडीत घातले, तर ही सगळी मंडळी गायचं सोडून बसून ऐकतील," हॉबर्ट म्हणाला. "कोंबडी खात. आणि वर्षभराने म्हणतील, काय छान गाणं होतं. हीच शनिवारी वाजवा, पेंडीच्या भावानंतर. यात चर्च नाही, दारू नाही. आता तुमच्या कुठल्याही खात्यात बसेल."

ब्रदर क्रिस्प ताट ठेवून आले होते. "हॉबर्ट," ते कसंबसं म्हणाले, "मी श्वास घ्यायला थांबलो होतो. निदान एवढं तरी..."

"तसं कडवं करा, ब्रदर, आणि चालीत बसवा. सूर तयार आहेत." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि ट्रकच्या फळीवर थाप मारली. "फ्युगेटसाहेब, सुई पुन्हा पहिल्यापासून लावा. मघाशी लॉन्झोच्या दुकानातल्या त्या घोड्यावाल्याने खेचराच्या जागी घोडा म्हटलेलं ऐकलंय मी."